बारीक आवाज

आइझिरेक म्हणाली, अता, तुमची गाडी शीळ घालते.
सात वर्षांची पोर. मधल्या सीटवर
खरबुजाची फोड संपवून
हात पुसायला जागा शोधत होती.
मी म्हटलं, वारा असेल.
तू-आशूच्या घाटात वारा असतोच.

बोगदा मागे पडला होता,
खाली कारा-बाल्टापर्यंत नुसती वळणं.
पुढच्या वळणाला मी ब्रेक दाबला
आणि आरशात पाहिलं :
पोरीनं दोन्ही कानांवर हात ठेवलेले.
पाय उचलला. तिनं हात काढले.
पुन्हा दाबला. पुन्हा कानांवर हात.
मला ऐकू येत होतं इंजिन, टायर,
मागच्या बाकावर कुणाचं तरी घोरणं.
बाकी काही नाही.

तलासहून लेकीकडे निघालेल्या मास्तरीणबाईंनी
घसा साफ केला.
"मागच्या महिन्यातही वाजत होतं, बाइके.
म्हटलं, तुम्हाला माहीतच असणार."
सगळ्यांना माहीत होतं.
पांढऱ्या दाढीच्या ड्रायव्हरला सांगायचं कुणी?
त्यांनी कानाडोळा केला.
मी काय करणार होतो,
माझ्याकडे कानच शिल्लक नव्हता.

एकतीस वर्षं हा घाट.
धाकट्याला मीच शिकवलं होतं :
पेडल ओल्या स्पंजासारखं दबलं तर पुढे जाऊ नकोस,
ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क बघ,
गाडी एका अंगाला ओढायला लागली
तर एक चाक काम करतंय, दुसरं ऐश.
जळका, कडवट वास आला की थांब,
निवू दे, पाणी मात्र ओतू नकोस.
पाय, हात, नाक, सगळे अजून कामावर आहेत माझे.
एकटा कान न सांगता निघून गेला,
तोही पूर्ण नाही, फक्त वरचा मजला रिकामा करून.

दुसरा गिअर टाकला.
इंजिनाला म्हटलं, आता तू धर.
मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेले,
ते मात्र छान ऐकू आले.

ओमुरबेकनं चाक काढलं, पॅड माझ्या तळहातावर ठेवला.
काडेपेटीतल्या काडीएवढी जाडी उरली होती.
कडेला एक पोलादी जीभ, नखाएवढी.
"पॅड संपत आला की ही डिस्कला टेकते
आणि केकाटते. मुद्दाम तशी केलीय,
माणूस वैतागून माझ्याकडे यावा म्हणून."
मग हसायचं थांबून म्हणाला,
"अजून दोन आठवडे काढले असतेस
तर खरखर सुरू झाली असती. जाड, खालच्या पट्टीतली.
ती तुलाही ऐकू आली असती.
पण तेव्हा लोखंड लोखंडाला खात असतं."

नवे पॅड बसले. डब्यातलं तेल बदललं.
किल्ली फिरवली तेव्हा आठवलं :
ही होंडा जपानहून आली तेव्हा
रोज सकाळी डॅशबोर्डमधून एक बाई
अदबीनं काहीतरी सांगायची.
नऊ वर्षं मी तिला न समजताच मान डोलवली.
गेल्या हिवाळ्यापासून ती गप्प आहे.
मला वाटलं, स्पीकर गेला.

ओमुरबेकला विचारलं, ही बोलते का रे अजून?
तो फडक्याला हात पुसत होता.
"आत्ताच बोलली की."

आता सगळ्यात लहान प्रवासी मी माझ्या मागे बसवतो.
बोगदा ओलांडला की तिसऱ्या वळणाला विचारतो, वाजतंय?
कुणी नाही म्हणतं, कुणी नुसतं च्युइंगम चघळतं.

त्या रात्री घरी पोचलो तर बुरुल
फाटकापाशी उभी, चहाचं भांडं हातात.
किती वेळ उभी होती, विचारलं नाही.
दोन वर्षं मी समजत होतो
की तिनं हाक मारणं सोडलंय.